बंडाचा आवाज अभिजात होतो तेव्हा

एखादी कलाकृती 'अभिजात' ठरली की तिचा सन्मान होतो हे खरे. पण तिच्यातली धग त्या सन्मानात टिकते का, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने पेटली होती. आज तीच गाणी एखाद्या सोहळ्यात खुर्च्यांवर बसून ऐकली जातात, टाळ्या पडतात आणि मंडळी चहाला उठतात. गाणे तेच असते, सूर तोच असतो. मग बदलते काय? हा प्रश्न मला पुरता उमगला तो आपल्या मुलखापासून फार दूर, शिकागो शहरात, एका रॅप गायकाच्या मैफलीत. 'मैफल' हा शब्द इथे कितपत शोभतो हे वाचकांनी शेवटी ठरवावे.

शिकागोच्या युनियन पार्कमध्ये २००६ पासून सहसा जुलैत पिचफोर्क संगीत महोत्सव भरत असे. २०२४ चा महोत्सव तिथला शेवटचा ठरला. २००८ साली त्याची पहिली संध्याकाळ एका वेगळ्या कल्पनेला दिली होती. 'डोन्ट लुक बॅक' या नावाने ही मालिका २००५ मध्ये लंडनला सुरू झाली. गाजलेला जुना अल्बम ज्याचा, त्यानेच तो पहिल्या गाण्यापासून अखेरच्या गाण्यापर्यंत रंगमंचावर सादर करायचा, अशी ती कल्पना. १८ जुलै २००८ च्या त्या शुक्रवारी शेवटचा क्रम होता पब्लिक एनिमी या न्यूयॉर्ककडच्या रॅप चमूचा, आणि अल्बम होता १९८८ सालचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक'. आम्हांला रोखायचे तर लाखोंचे राष्ट्र लागेल, असा त्या शीर्षकाचा रोख. योगायोगाने मी तेव्हा भाच्याकडे मुक्कामाला होतो. दुपारी डेव्हन अव्हेन्यूजवळच्या मशिदीत जुम्म्याची नमाज झाली आणि संध्याकाळी आम्ही दोघे या मैदानात उभे होतो.

या अल्बमशी माझी ओळख जुनी. १९८९ साली मामेभावाने कुवेतहून येताना ज्या कॅसेटी आणल्या, त्यांत ही एक होती. मिरजेत कॉलेजात शिकणाऱ्या आम्हां पोरांना त्यातले इंग्रजी चार आणेही कळत नव्हते. पण भोंगे, किंकाळ्या आणि ढोल यांच्या त्या गदारोळातून एक भारदस्त आवाज खुत्ब्यासारखा उठत होता, आणि मधेमधे ओळखीची नावे कानावर येत होती. माल्कम एक्स. एलिजा मुहंमद. फराखान. अमेरिकेसारख्या देशात कुणी मोठ्याने ही नावे घेतो याचेच आम्हांला अप्रूप. खरे सांगायचे तर आम्ही गाणी ऐकत नव्हतो, नावे मोजत होतो. ही नावे मोजण्याची सवय आपल्या वाचनातही किती खोल गेली आहे, हे पुढे लक्षात आले. त्याबद्दल शेवटी.

ज्यांनी रॅप फारसे ऐकलेले नाही, त्यांच्यासाठी चार शब्द. चमूचा मुख्य गायक चक डी, म्हणजे कार्लटन रायडनआवर. जन्म १९६०, वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, शिक्षण ग्राफिक डिझाइनचे. त्याच्या जोडीला फ्लेवर फ्लेव्ह, गळ्यात भले मोठे घड्याळ लटकवणारा. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, तमाशात सोंगाड्या असतो; फ्लेव्ह ही दोन्ही कामे एकटाच करतो. चक डी शब्दांचा घण घालतो, तर फ्लेव्ह त्या घावाला जी-जीची साथ देतो आणि मध्येच खिल्ली उडवून ताण मोकळा करतो. मागे लष्करी गणवेशातले 'सिक्युरिटी ऑफ द फर्स्ट वर्ल्ड' नावाचे पथक कवायत करते. आणि या साऱ्याच्या तळाशी 'बॉम्ब स्क्वॉड' या निर्मात्यांच्या गटाने रचलेला आवाज. हँक शॉक्ली, कीथ शॉक्ली, एरिक सॅडलर आणि स्वतः चक डी यांनी जुन्या तबकड्यांतले शेकडो तुकडे एकावर एक थर देऊन जोडले. जेम्स ब्राउनच्या वादकाचा ढोल, कुठल्या तरी सॅक्सोफोनची किंकाळी, कुणाच्या भाषणातले अर्धे वाक्य. गोधडी शिवावी तसे हे काम. फक्त ही गोधडी अंगावर घेतली की झोप उडते. १९९१ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने परवानगीवाचून असा तुकडा वापरणे म्हणजे चोरीच, असा निकाल दिला आणि त्यानंतर अशा रीतीने अल्बम करणे खर्चाच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य झाले. म्हणजे हा अल्बम एका अर्थाने संपलेल्या कारागिरीचा नमुना आहे.

अल्बमची आणखी एक गंमत अशी की तो स्वतःच एक जलसा आहे. १९८७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये चमूचा कार्यक्रम झाला. तिथल्या श्रोत्यांचा गलका या अल्बमच्या सुरुवातीला आणि पुढेही जागोजाग पेरलेला आहे. त्यामुळे घरी एकट्याने कॅसेट लावली तरी आपण हजारोंच्या गर्दीत उभे आहोत असे वाटते. शिकागोत नेमकी याची उलट बाजू दिसली. वीस वर्षे ही ध्वनिफीत ऐकून पाठ झालेले लोक मैदानात जमले होते, आणि ध्वनिफितीतले श्रोते जिथे ओरडतात तिथेच तेही ओरडत होते. मुशायऱ्यात शेर आवडला की 'मुकर्रर' म्हणतात आणि शायर मागे वळतो. त्या एका शब्दाने मैफलीची दिशा बदलू शकते. इथे पुढे काय येणार हे शायरालाही ठाऊक आणि श्रोत्यालाही. मैफलीतला धोका संपला की उरते ते पारायण. अख्खा अल्बम क्रमाने सादर करण्याच्या या प्रथेवरचा माझा पहिला आक्षेप हाच.

तरीही ती संध्याकाळ पारायणाच्या पलीकडे गेली. त्याचे कारण रंगमंचावर कमी आणि त्या शहरात व त्या आठवड्यात जास्त होते.

शिकागो हे नेशन ऑफ इस्लाम या संघटनेचे मुख्य ठाणे. १९३० मध्ये डेट्रॉइटला तिचा उगम झाला आणि पुढे एलिजा मुहंमद यांनी ती शिकागोतून वाढवली. शहराच्या दक्षिण भागात त्यांनी १९७२ साली एक ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च विकत घेतले. तीच आजची मस्जिद मरियम. ही शिकवण आपण ज्याला इस्लाम म्हणतो त्याच्याशी मुळातच जुळत नाही. गोऱ्यांना जन्मतःच सैतान मानणे आणि एलिजा यांना पैगंबराचा दर्जा देणे या गोष्टी तौहीद आणि खत्म-ए-नबुव्वत मानणाऱ्या कोणाही मुसलमानाला मान्य होणाऱ्या नाहीत. माल्कम एक्स स्वतः १९६४ साली हज करून आले, तिथे सगळ्या वर्णांची माणसे एका रांगेत पाहिली आणि ही शिकवण सोडली. पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्यांची हत्या झाली. १९७५ मध्ये एलिजा वारल्यावर त्यांचे पुत्र वारिस दीन मुहंमद यांनी बहुतांश अनुयायांना सुन्नी इस्लामकडे वळवले. ही केवढी मोठी घटना, पण तिच्यावर कुणी गाजलेले रॅप केले नाही. लुई फराखान यांनी जुनी संघटना पुन्हा उभी केली आणि गाण्यांत आले ते फराखान. गाण्याला वळण लावणाऱ्यापेक्षा ललकारणारा माणूस जवळचा वाटतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आठवडा कोणता? बराक ओबामा याच शहराचे. अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्या पदरात पडल्यात जमा होती, आणि ते छुपे मुसलमान असल्याची आवई गावभर होती. त्याच आठवड्यात 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचे मुखपृष्ठ गाजत होते: ओबामा पागोटे आणि झग्यात, पत्नीच्या खांद्यावर बंदूक, भिंतीवर बिन लादेनची तसबीर. हेतू त्या आवईची टर उडवण्याचा होता, पण चित्र डोळ्यांत राहिले ते तसेच. त्याआधी महिनाभर, १६ जूनला, डेट्रॉइटच्या प्रचारसभेत ओबामांच्या मागे बसू पाहणाऱ्या दोन मुस्लिम तरुणींना हिजाबामुळे स्वयंसेवकांनी तिथे बसू दिले नाही, कारण तसे छायाचित्र उमेदवाराला परवडणारे नव्हते. ओबामांनी नंतर त्यांची माफी मागितली, हेही नोंदवले पाहिजे. 'असला मुसलमान तरी काय बिघडले?' हा साधा प्रश्न मोठ्या व्यासपीठावरून विचारायला ऑक्टोबरात कॉलिन पॉवेल यांना पुढे यावे लागले.

अशा वातावरणात 'ब्रिंग द नॉइज' सुरू झाले. त्याच्या आरंभी माल्कम एक्स यांच्या भाषणाचा एक चिमुकला तुकडा येतो. १९६३ च्या त्या भाषणात त्यांनी कॉफीचा दृष्टांत दिला होता: कॉफी काळी आणि कडक असते, तिला सौम्य करायचे तर तिच्यात दूध मिसळतात, आणि मिसळत राहिले तर शेवटी ती कॉफीच राहत नाही. हा आवाज कर्ण्यांतून निघाला आणि मैदान गरजले. माझ्या आसपास उभे होते ते बहुतेक गोरे तरुण. माझ्या अंगावर काटा आला. कुवेतची कॅसेट आठवली, डोळे भरून आले. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि कानाशी येऊन म्हणाला, "मामू, नावं ऐकून इतके खूश होऊ नका. इथून दहा मैलांवर ओबामाच्या सभेत माझ्या बायकोला पहिल्या रांगेत बसवतील का, ते सांगा."

पोराचे बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. एका मंचावर मुसलमान माणूस ओझे होता आणि दुसऱ्या मंचावर मसाला. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या-मारलेल्या माणसाच्या आवाजावर टाळी वाजवायला काही लागत नाही. हयात असलेल्या, शेजारच्या खुर्चीवर बसू पाहणाऱ्या मुलीला जागा द्यायला मात्र थोडे काही सोडावे लागते. अभिजात होण्याचा तोटा तो हाच: कॉफी तशीच काळी राहते, पण श्रोते आपापले दूध घरूनच घेऊन येतात.

मग हा अल्बम फक्त आठवणींचा उरूस म्हणायचा का? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण 'ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस' हे गाणे. एका काळ्या तरुणाला सरकारचे पत्र येते, फौजेत भरती हो. ज्या राज्याने मला माणूस मानले नाही त्याच्यासाठी मी लढणार नाही, अशी त्याची भूमिका. त्यापायी तुरुंग, आणि तुरुंगातून पलायनाचा बेत. व्हिएतनामच्या युद्धाला नकार देऊन १९६७ साली शिक्षा ओढवून घेणारे आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरलेले मुहंमद अली या गाण्यामागे उभे दिसतात. या गाण्यात घोषणा नाही, गोष्ट आहे. गदारोळ ओसरतो, पियानोचा एक संथ तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि चक डी आवाज खाली आणून एकेक तपशील सांगतो. घोषणेला टाळी पुरते. गोष्ट ऐकणाऱ्याला आपल्या कैद्याची आठवण होते. मैदानातल्या कुणाला ग्वांतानामो आठवले असेल. मला मालेगाव आठवले. २००६ च्या स्फोटांबद्दल धरलेली आपल्याच राज्यातली नऊ मुसलमान माणसे त्या संध्याकाळी तुरुंगात होती. त्यांतले बहुतेक २०११ मध्ये जामिनावर सुटले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले; एकाला तो दिवस पाहायला मिळाला नाही. या गाण्यात एकही मुसलमानी नाव ऐकू येत नाही, आणि तरी अख्ख्या अल्बममध्ये आपल्याला सर्वांत जवळचे गाणे हेच आहे. नावे मोजणाऱ्या मिरजेच्या पोरांनी नेमके हेच गाणे सोडून दिले होते.

याच्या उलट बाजूला 'शी वॉच चॅनल झिरो?!'. दिवसभर टीव्हीपुढे बसणाऱ्या बाईला हे गाणे झापते. तिचे डोके रिकामे झाले, घराकडे लक्ष नाही, वगैरे. गंमत म्हणजे त्याच गाण्यात पुरुषालाही तोच टीव्ही हवा आहे, खेळाचा सामना बघायला! आपल्याकडच्या किती तरी इज्तिमांत आणि समाजसुधारणेच्या सभांत हेच भाषण मी ऐकले आहे. मालिका बघणारी बाई बिघडलेली, आणि क्रिकेट बघणारा बाप्या दमून आलेला. शिकागोत हे गाणे झाले तेव्हा फ्लेवर फ्लेव्ह स्वतः 'फ्लेवर ऑफ लव्ह' या कार्यक्रमाचा नायक होता. एका पुरुषासाठी वीस बायका एकमेकींशी भांडतात, असा तो २००६ ते २००८ मधला टीव्हीवरचा तमाशा. तोच माणूस बाईला टीव्ही बंद करायला सांगतो यावर लोक हसले. मला मात्र सोंगाड्याची कीव आली. फडात सोंगाड्या पाटलाची टर उडवतो. पाटलानेच त्याला पगारी ठेवले की टर कुणाची उडणार?

'नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स' या गाण्याबद्दल मात्र नुसता आक्षेप घेऊन भागत नाही. क्रॅक या अमली पदार्थाने काळ्या वस्त्या पोखरल्या, त्यावरचे हे गाणे. त्याच्या आरंभी नेशनचे वक्ते खालिद अब्दुल मुहंमद यांचा आवाज येतो: आम्हांला इथे आणले तेव्हा आमचे नाव गेले, भाषा गेली, धर्म गेला, अशा आशयाचा. ऐकताना प्रत्येक अल्पसंख्याकाला वाटते, हे माझेच. पण इथे जपून राहायला हवे. आपले दुःख खरे आहे, म्हणून ते गुलामगिरीइतके होत नाही. आमची भाषा कुणी हिरावली नाही. आम्ही मराठीत बोलतो, भांडतो आणि लिहितो. दुसऱ्याच्या जखमेवर आपले नाव लिहिणे ही सहानुभूती नव्हे. आणि तो आवाज ज्यांचा, त्यांनी पुढे ज्यूंविरुद्ध इतके विखारी भाषण केले की १९९४ मध्ये खुद्द फराखान यांना त्यांना पदावरून दूर करावे लागले. चमूतला प्रोफेसर ग्रिफ यानेही १९८९ साली एका मुलाखतीत ज्यूंबद्दल असेच विष ओकले आणि त्याला काही काळ बाहेर जावे लागले. आमच्या कानांना गोड वाटणाऱ्या नावांसोबत हे सारे येते. 'आपल्या बाजूचा' म्हणून याकडे डोळेझाक केली, तर आमच्याविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यांना जाब विचारण्याचा आमचा हक्क दुबळा होतो.

अल्बम संपला तो 'पार्टी फॉर युवर राइट टू फाइट'ने. ब्लॅक पँथर चळवळीला सलाम करणारे हे गाणे. त्याच पँथरांचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी नाव तिकडून घेतले, पण शब्द आणले ते कामाठीपुऱ्यातून आणि महारवाड्यातून. उसने घ्यायचे ते असे. बाहेरून धाडस घ्यावे. मजकूर आपलाच असावा.

पब्लिक एनिमीला २०१३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, २०२० मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. जनतेचा शत्रू म्हणवणारे मानकरी झाले. मला यात विश्वासघात दिसत नाही. कलावंताने म्हातारपणीही उपाशीच राहावे असा आग्रह धरणारे रसिक मला दांभिक वाटतात. पण सन्मान झाला की समीक्षेचे काम संपत नाही, वाढते. त्या संध्याकाळचा माझा हिशेब असा: कारागिरी अव्वल, चक डीच्या आवाजाला वय लागलेले नाही, एक गाणे कायमचे, एक गाणे लाजिरवाणे, आणि ज्या नावांसाठी मी वीस वर्षे हा अल्बम जपला ती नावे त्यातला सर्वांत कच्चा भाग.

हे सगळे इथे, या अंकात, कशासाठी? कारण आता आपल्या घरातली पोरे रॅप करू लागली आहेत. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेले 'आफत' लोकांपुढे आणले. २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला आणि धारावी-कुर्ल्याचे शब्द मल्टिप्लेक्समध्ये गेले. आम्ही काय केले? आपला मुलगा म्हणून कौतुक केले, नाही तर संगीत हराम म्हणून तोंड फिरवले. त्याची गाणी ओळीओळीने ऐकून, इथे तू खरा आहेस आणि इथे टाळीसाठी बोललास, असे आमच्यापैकी कुणी लिहिले? मिरजेत आम्ही नावे मोजत बसलो तेव्हा आम्हांला असे सांगणारे कुणी नव्हते. भाच्याने सांगितले, तोवर माझी चाळिशी झाली होती. या पोरांना तरी तितके थांबायला लावू नये.